व्हायकिंग हे लोकांचं नाव, की त्यांच्या धंद्याचं?

स्टॉकहोमच्या वायव्येला ब्रो नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या चर्चमध्ये अकराव्या शतकातली एक कोरीव शिळा आहे. गिन्लौग नावाच्या बाईने ती आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे अस्सुरच्या, स्मरणार्थ उभारली आणि त्याच्या नावाने एक पूलही बांधवला. शिळेवर रून लिपीत त्याची ओळख दिली आहे: तो हाकोन यार्लचा, म्हणजे हाकोन नावाच्या मोठ्या सरदाराचा, मुलगा होता आणि गेइतिर नावाच्या माणसाबरोबर तो व्हायकिंगांवर पहारा ठेवत असे.

आज आपण त्या काळातल्या स्वीडनच्या कोणाही माणसाला सरसकट 'व्हायकिंग' म्हणतो. त्या हिशेबाने अस्सुर व्हायकिंग, गिन्लौगही व्हायकिंग. गिन्लौगच्या लेखी मात्र व्हायकिंग म्हणजे ज्यांच्यापासून किनारा राखायचा ते लोक. तिच्या नवऱ्याचा मोठेपणाच मुळी त्यांना रोखण्यात होता.

शब्दाचा आजचा वापर आणि तेव्हाचा वापर यांच्यात एवढं अंतर कसं पडलं, हे समजून घ्यायला थोडं खोलात जावं लागतं. पण मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगतो: व्हायकिंग ही जमात नव्हती, वंश नव्हता, राष्ट्र तर नव्हतंच. ते एक काम होतं. ते करणारे लोक कोणत्याही काळात थोडेच होते, आणि त्यांचं नाव सगळ्या समाजाला चिकटवल्यामुळे तो समाजच आपल्या नजरेआड झाला आहे.

जुनी नॉर्स ही त्या काळच्या स्कँडिनेव्हियाची भाषा. आजच्या नॉर्वेजियन, डॅनिश, स्वीडिश आणि आइसलँडिक भाषा तिच्यातूनच निघाल्या. त्या भाषेत एकमेकांना लागून असलेले दोन शब्द होते. 'वीकिंगर' हा पुल्लिंगी शब्द माणसासाठी होता: समुद्रावरून येऊन छापे घालणारा. 'वीकिंग' हा स्त्रीलिंगी शब्द त्या मोहिमेसाठी होता: समुद्रावरची मुलुखगिरी. माणूस 'वीकिंगला जायचा', तिथे नाव कमवायचा, नाहीतर तिथेच मरायचा. दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात, जो तेव्हा डेन्मार्कचा भाग होता, वेस्त्रा स्त्रो इथे फादिर नावाच्या माणसाने उभारलेल्या दोन शिळा आहेत. एक त्याच्या भावासाठी, जो 'उत्तरेत वीकिंगमध्ये' मेला. दुसरी जहाजातल्या भागीदारासाठी. स्वीडनच्याच वेस्टरयोटलंड प्रांतात हेर्लिंगस्टोर्प इथल्या शिळेवर तोला नावाची आई आपल्या गेइर नावाच्या मुलाबद्दल सांगते की तो फार गुणी आणि शूर होता, आणि पश्चिमेच्या वाटेवर वीकिंगमध्ये त्याचा शेवट झाला.

या शिळा वाचताना एक गोष्ट लक्षात येते. घरचा माणूस गेला असेल तर 'वीकिंग' हा शब्द अभिमानाने कोरला जातो. दुसऱ्याचे लोक आपल्या किनाऱ्यावर येतात तेव्हा ते 'वीकिंगर' असतात आणि त्यांच्यावर पहारा बसवावा लागतो. मोहीम आपली, लुटारू परका. शब्द त्या लोकांचाच होता, पण आपण सारे मिळून 'वीकिंगर' आहोत असं त्यांनी स्वतःला कधी म्हटलेलं दिसत नाही. काही शिळांवर 'वीकिंगर' हे माणसाचं नाव म्हणूनही येतं, टोपणनाव म्हणूनही येतं. साहजिकच आहे; गावातल्या एखाद्यालाच ते लागू पडत असणार, म्हणून तर ते त्याला चिकटलं.

हे काम बारमाही नव्हतं, हे दाखवणारा एक सुंदर पुरावा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरून येतो. बाराव्या शतकात तिथे स्वेन आस्लेइफारसन नावाचा जमीनदार होता. ऑर्कनीच्या यार्लांचा वृत्तांत सांगणारी जी सागा, म्हणजे जुनी गद्य कथा, आहे, तिच्यात त्याचं वर्ष कसं जायचं ते दिलं आहे. हिवाळ्यात तो ऐंशी माणसं घरी पोसायचा. वसंतात भरपूर पेरणी करून घ्यायचा, सगळं जातीने पाहायचा. पेरण्या आटोपल्या की हेब्रिडीज बेटांवर आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर लुटायला निघायचा. याला तो 'वसंतातली वीकिंग' म्हणायचा. उन्हाळ्याच्या मध्यावर परत यायचा तो कापणी होऊन धान्य घरात येईपर्यंत राहायचा. मग 'शरदातली वीकिंग'. थंडीचा एक महिना सरला की पुन्हा घर. हा माणूस शेतकरी की व्हायकिंग? दोन्ही, ज्या त्या हंगामात. आणि स्वेनसारखी जहाजं व माणसं ज्याच्याकडे नव्हती तो शेजारी मात्र बाराही महिने फक्त शेतकरीच होता.

आता समोरच्या बाजूने पाहू. ज्यांच्यावर हल्ले झाले ते या लोकांना काय म्हणत होते? फ्रँकांच्या राज्यात लॅटिन लिहिणारे पाद्री त्यांना 'नॉर्डमन्नी', म्हणजे उत्तरेची माणसं, म्हणत. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताच्या नावात तेच आहे. आयर्लंडमध्ये ते 'परके' किंवा 'मूर्तिपूजक' होते. स्पेनमधल्या मुस्लिम राज्यात त्यांना 'मजूस' म्हणत, जो मुळात इराणच्या अग्निपूजकांसाठीचा शब्द. पूर्वेकडे व्होल्गा आणि नीपर नद्यांवरून खाली उतरणारे स्वीडिश लोक 'रुस' झाले, आणि रशियाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. बायझंटाईन सम्राटाच्या पदरी भाडोत्री सैनिक म्हणून राहिलेले 'वारांगी'. इंग्लंडमध्ये इतिवृत्त लिहिणारे बहुतेक वेळा 'डेन' तरी म्हणत, नाहीतर सरळ 'विधर्मी'. एवढ्या सगळ्या नावांच्या गर्दीत व्हायकिंग हा शब्द क्वचितच दिसतो. ८ जून ७९३ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न मठावर जो हल्ला झाला, ज्याच्यापासून बहुतेक पुस्तकं 'व्हायकिंग काळ' मोजायला सुरुवात करतात, त्याची नोंद करणाऱ्यांनीही हल्लेखोरांना 'विधर्मी माणसं' म्हटलं आहे.

गंमत अशी की हा शब्द इंग्रजीला त्या हल्ल्याच्या आधीपासून ठाऊक होता. जुन्या इंग्रजीत तो 'वीचिंग' असा येतो. इसवी सन ७०० च्या सुमारास तयार झालेल्या लॅटिन-इंग्रजी शब्दार्थांच्या एका यादीत चाचेगिरीसाठीच्या लॅटिन शब्दासमोर जो इंग्रजी शब्द दिला आहे, त्यात हा 'वीचिंग' आहे. म्हणजे लिंडिसफार्नच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. तेव्हा स्कँडिनेव्हियाचा काही संबंधच नाही. अर्थ साधा आहे, समुद्री चाचा. बायबलमधल्या निर्गमनाची कथा सांगणारं एक जुनं इंग्रजी काव्य आहे. त्यात मोशेबरोबर लाल समुद्र ओलांडणाऱ्या रऊबेनाच्या वंशाला 'समुद्रावरचे वीचिंग' म्हटलं आहे! इस्राएलचे लोक व्हायकिंग कसे, असा प्रश्न त्या कवीला पडला नाही, कारण त्याच्यासाठी तो शब्द कोणत्याही देशाशी बांधलेला नव्हता.

याहून मोलाचा दाखला १०१४ सालचा आहे. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टान याने इंग्रज लोकांना उद्देशून एक जळजळीत प्रवचन लिहिलं. देशाची दैना सांगताना तो म्हणतो की एखादा गुलाम मालकाकडून पळून जातो, ख्रिस्ती धर्म सोडतो आणि व्हायकिंग होतो. पुढे लढाईत त्याने आपल्याच जुन्या मालकाला मारलं तर घराण्याला काहीही भरपाई मिळत नाही; पण मालकाने त्या गुलामाला मारलं तर एका सरदाराच्या जिवाची भरपाई मोजावी लागते. वुल्फस्टानचा संताप आपण बाजूला ठेवू. त्याच्या वाक्याची रचना पाहा: इंग्लंडमधल्या घरचा गुलाम व्हायकिंग 'होतो'. जे होता येतं ते रक्ताने मिळालेलं नसतं.

आपल्या इतिहासात याच्या सगळ्यात जवळ येणारा शब्द पेंढारी आहे. पेंढाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, निरनिराळ्या जातींचे आणि मुलखांचे लोक होते. त्यांना एकत्र आणत होता तो घोडा आणि लूट. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बीमोड केला. आता समजा, हजार वर्षांनी कोणी त्या काळच्या माळव्यातल्या विणकराला, कुणब्याला, दाईला आणि शाळकरी पोराला 'पेंढारी लोक' म्हणू लागलं, 'पेंढारी घरं', 'पेंढारी स्वयंपाक', 'पेंढारी देव' अशी पुस्तकं लिहू लागलं, तर आपल्याला कसं वाटेल? स्कँडिनेव्हियाच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे.

आता मूळ धातूकडे येऊ. इथे विद्वानांचं एकमत नाही, आणि मतभेद समजून घेण्यातच खरी मजा आहे.

सर्वांत लोकप्रिय व्युत्पत्ती 'वीक' या नॉर्स शब्दावरून सांगतात. वीक म्हणजे खाडी, उपसागराचं छोटं वळण. आइसलंडच्या राजधानीच्या नावात, रेक्याविकमध्ये, तोच शब्द आहे: धुराची खाडी. मग वीकिंगर म्हणजे खाडीतला माणूस, खाडीत दबा धरून बसणारा. ऐकायला पटतं. पण ज्या देशात किनारपट्टी म्हणजे एकामागून एक खाड्याच आहेत, तिथे खाडीत कोण राहत नाही? कोळी, व्यापारी, शेतकरी सगळेच खाडीत राहतात. एवढ्या सर्वसाधारण गोष्टीवरून लुटारूंना वेगळं नाव पडेल हे जरा कठीण वाटतं. व्याकरणाची अडचणही आहे. खाडीवरून माणसाचं नाव तयार होईल, पण 'वीकिंग' हे मोहिमेचं स्त्रीलिंगी नाव कसं तयार होईल, हे सांगता येत नाही.

याच कल्पनेची दुसरी आवृत्ती अशी की ही कुठलीही खाडी नव्हे, तर ऑस्लोच्या खाडीभोवतालचा 'वीकिन' नावाचा प्रदेश. तिथून आलेले ते वीकिंगर. हे मत एका साध्या गोष्टीवर अडतं: त्या प्रदेशातल्या लोकांना नॉर्समध्ये वेगळं नाव होतं, 'वीक्वेर्यार'. त्यांना कोणी वीकिंगर म्हटलेलं नाही. शिवाय शब्द इंग्लंडमध्ये इतक्या आधी आढळतो की ऑस्लोजवळच्या एका मुलखाचं नाव तिथे चाचेगिरीसाठी रूढ झालं असेल, हे संभवत नाही.

तिसरं मत इंग्लिश खाडीच्या दोन्ही काठांवरून येतं. जुन्या इंग्रजीत 'वीच' म्हणजे वस्ती, तळ, बाजाराची जागा. मूळ लॅटिन 'वीकुस'. नॉरिच, इप्सविच, सँडविच या गावांच्या शेवटी तेच आहे. सातव्या-आठव्या शतकात उत्तर समुद्राभोवती अशी व्यापारी ठाणी भरभराटीला आली होती. तिथे चांदी होती, माल होता, गुलाम होते. या ठाण्यांवर येणारे, किंवा किनाऱ्यावर तात्पुरता तळ ठोकणारे ते वीचिंग. हा तर्क इंग्रजी पुराव्याच्या काळाशी छान जुळतो. तरी पुन्हा तीच अडचण: मोहिमेसाठीचं नाव त्यातून नीट निघत नाही.

मला स्वतःला चौथं मत सर्वांत पटतं. स्वीडनच्या बेर्टिल डागफेल्ट यांनी ते १९८३ मध्ये मांडलं आणि नॉर्वेचे भाषा-अभ्यासक एल्दार हाइडे यांनी २००५ मध्ये सविस्तर विकसित केलं. नॉर्समध्ये 'विका' हे समुद्रावरच्या अंतराचं माप होतं. वल्ह्यांवरची एक पाळी संपून दुसरी बसेपर्यंत होडी जेवढी जाईल तेवढं अंतर. 'वीक्या' या क्रियापदाचा अर्थ बाजूला होणं, वळणं, जागा सोडणं. दमलेला वल्हेकरी उठून बाजूला होतो, ताज्या दमाचा त्याच्या जागी बसतो. जर्मन भाषेत मागे सरकण्यासाठीचं 'वाइखन' हे क्रियापद आणि इंग्रजीतला आठवड्यासाठीचा 'वीक' हा शब्दही याच कुटुंबातले: एकामागून एक येणारी पाळी.

या मताने कुलूप कसं उघडतं ते पाहा. आता 'वीकिंग' हा मोहिमेचा शब्द आधीचा ठरतो: पाळ्या बदलत केलेला लांबचा समुद्रप्रवास. 'वीकिंगर' म्हणजे असा प्रवास करणारा. किनाऱ्याकिनाऱ्याने जवळच्या गावी जाणाऱ्याला पाळ्या लागत नाहीत. लांब जाणाऱ्यालाच लागतात. व्याकरणाचं कोडंही सुटतं. शिवाय शब्दाचं वयही जुळतं. स्कँडिनेव्हियात शीड उशिरा आलं, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास. त्याआधी सगळी भिस्त वल्ह्यांवर होती. म्हणजे हा शब्द शिडाच्याही आधीचा, आणि त्यात मुळात लूट नाहीच. आहेत ते पाठ मोडेपर्यंत वल्ही मारणारे लोक. अशा प्रवासाला निघालेले पुष्कळसे लोक हत्यारं घेऊन निघत आणि माल घेऊन परतत, त्यामुळे पुढे अर्थ लुटीकडे झुकला असावा. हे सिद्ध झालेलं नाही, वाद चालू आहे. पण चारही मतांत जास्तीत जास्त गोष्टींचा उलगडा हेच करतं.

मधल्या काळात शब्दाला काळी छटा येत गेली. १०७५ च्या सुमारास ब्रेमेनचा पाद्री अ‍ॅडम लिहितो की ज्या चाच्यांना डेन लोक व्हायकिंग म्हणतात, ते डेन्मार्कच्या राजाला खंडणी भरून आसपासच्या लोकांना लुटायचा परवाना मिळवतात, पण मग तो आपल्याच माणसांवर वापरतात. पुढे आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या सागांमध्ये वीकिंगर बरेचदा खलनायक असतो, ज्याला हरवून नायकाने नाव मिळवायचं. आइसलंडच्या वसाहतीची हकिगत सांगणाऱ्या ग्रंथात ओल्विर नावाच्या एका माणसाचं टोपणनाव 'पोरांचा माणूस' असं आहे. का, तर लहान मुलांना भाल्यांच्या टोकांवर झेलण्याची जी रीत तेव्हा व्हायकिंगांत होती, ती त्याने आपल्या लोकांना करू दिली नाही. आणि स्नोरी स्टुर्लुसन हा इतिहासकार नॉर्वेचा भावी राजा ओलाफ ट्रिग्वासन याच्या बालपणाबद्दल सांगतो की तीन वर्षांचा असताना त्याचं जहाज व्हायकिंगांनी पकडलं, आईपासून त्याची ताटातूट झाली आणि त्याला एका बोकडाच्या मोबदल्यात विकलं गेलं. हे व्हायकिंग कोण होते? स्नोरी स्पष्ट लिहितो: एस्टोनियाचे लोक. नॉर्वेचा राजपुत्र बळी, आणि व्हायकिंग एस्टोनियन.

मध्ययुगानंतर इंग्रजीतून हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला. तो परत आला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि आला तो कोरा करकरीत पोशाख घालून. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला गमावला होता. देशाचा मान गेला होता, लोक जुन्या पराक्रमाच्या शोधात होते. १८११ मध्ये स्टॉकहोममध्ये 'योटिस्का फोर्बुंडेट' ही संस्था निघाली आणि तिच्या नियतकालिकात एरिक गुस्ताफ येइयर यांची 'व्हायकिंग' ही कविता छापून आली. त्यातला तरुण समुद्राच्या ओढीने घर सोडतो. १८२५ मध्ये एसाइयास टेग्नेर यांचं फ्रिट्योफ या सागेतल्या वीरावरचं महाकाव्य आलं आणि अनेक भाषांत गेलं. लुटारू आता स्वातंत्र्याचा, धाडसाचा, राष्ट्राचा पुतळा झाला. इंग्रजी लेखकांनी तो उचलला, आणि इंग्रजी उच्चारातूनच तो आपल्याकडे 'व्हायकिंग' होऊन आला.

शिंगांचं शिरस्त्राण याच काळातलं. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइट इथे संगीतकार वाग्नरच्या संगीत-नाटकांसाठी कार्ल एमिल डोपलर यांनी जी वेशभूषा केली, तिच्यातून ते जगभर पसरलं. डेन्मार्कमध्ये सापडलेली खरीखुरी शिंगांची शिरस्त्राणं कांस्ययुगातली आहेत, इसवी सनापूर्वी ९०० च्या सुमारासची. नॉर्वेतल्या येर्मुंडबू इथे १९४३ मध्ये सापडलेलं व्हायकिंग काळातलं शिरस्त्राण डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी असलेलं, साधं, लोखंडी आहे. शिंगं नाहीत.

शिंगं काढून टाकणं सोपं आहे. आता बहुतेकांना ते माहीत झालं आहे. 'व्हायकिंग लोक' ही कल्पना काढणं अवघड. कारण तिच्यामागे वंशाची भूल आहे, आणि विसाव्या शतकात नाझींनी तिचा जो उपयोग केला तो आठवला की हा केवळ शब्दांचा कीस नाही हे कळतं. २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोप आणि ग्रीनलंडमधल्या ४४२ सांगाड्यांमधल्या प्राचीन डीएनएचा त्यात विचार केला होता. त्यात ऑर्कनी बेटांवरचे दोन सांगाडे होते. दोघांना व्हायकिंग पद्धतीच्या तलवारींसह पुरलेलं. रक्ताने मात्र ते आजच्या स्कॉटिश-आयरिश लोकांच्या जवळचे निघाले. वंश स्कँडिनेव्हियाचा नाहीच. वुल्फस्टानला १०१४ मध्ये जे दिसत होतं तेच प्रयोगशाळेत पुन्हा दिसलं.

या नावाने काय झाकलं जातं तेही सांगायला हवं. त्या समाजातले बहुसंख्य लोक बार्ली पिकवत, गाई पाळत, मासे सुकवत, लोकर विणत. जहाजाच्या एका शिडासाठी बायकांना महिनोन्‌महिने सूत कातावं लागे. स्वीडनमधल्या मेलारेन सरोवरातल्या हेलयो या बेटावर १९५० च्या दशकातल्या उत्खननात बुद्धाची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती भारतीय उपखंडाच्या वायव्येला, स्वात खोऱ्याच्या बाजूला, सहाव्या शतकाच्या आसपास घडवलेली. हजारो मैल, कितीतरी हातांतून ती तिथवर पोचली. कोणत्या हातांतून, त्यांनी ती विकत घेतली की लुटली, भेट दिली की पुजली, हे मूर्ती सांगत नाही. पण तिला 'व्हायकिंगांची बुद्धमूर्ती' म्हटलं की आपण उत्तर देऊन मोकळे होतो.

इतिहासकारांनी आता साधारण एक तडजोड स्वीकारली आहे. साधारण ७५० ते ११०० या कालखंडाला 'व्हायकिंग काळ' म्हणायला हरकत नाही, कारण छापे आणि सागरी मोहिमा ही त्या काळाची खूण आहे. माणसांना मात्र 'नॉर्स', 'डेन', 'स्वीडिश', 'आइसलँडचे रहिवासी' असं जिथल्या तिथल्या नावाने म्हणावं, आणि 'व्हायकिंग' हा शब्द जे खरोखर मोहिमेवर गेले त्यांच्यापुरता ठेवावा. मराठीत लिहितानाही आपल्याला हे सहज पाळता येईल. लेइफ एरिकसन इसवी सन १००० च्या सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचला तो ग्रीनलंडमधला एक नॉर्स दर्यावर्दी म्हणून. तिथे तो लुटायला गेला नव्हता. स्वेन आस्लेइफारसन पेरणी उरकून आयर्लंडकडे निघाला की व्हायकिंग. आणि ११७१ मध्ये तो डब्लिनमध्ये मारला गेला, तेही अशाच एका शरदातल्या वीकिंगमध्ये.